कोशाबाहेरचा गुरू

माझ्या खोलीतील खुंटीवर एक पांढरे उपरणे टांगलेले आहे. त्याच्या एका टोकाला दुधाचा डाग आहे, आता वाळून पिवळसर पडलेला. पहाटे स्नानाहून परतल्यावर ओली वस्त्रे पिळून दोरीवर घालावीत आणि आदल्या दिवशीची धुवायला काढावीत, हा माझा जन्माचा क्रम. त्या क्रमातून हे एकच उपरणे सुटले आहे. घरातल्यांनी ते धुवायला मागितले, मी दिले नाही. त्याच्याकडे दृष्टी गेली की मला एक शब्द ऐकू येतो, आणि पूर ओसरताना दुर्गाघाटाच्या पायऱ्या जशा गाळासह पाण्यातून वर येतात, तसे गेलेले दिवस एकामागून एक वर येऊ लागतात.

तो शब्द आहे ‘गुरू’.

पाठशाळेत असताना त्याचे अर्थ मी कोशातून पाठ केले होते. जड तो गुरू, मोठा तो गुरू, पिता गुरू, देवांचा बृहस्पती गुरू, छंदातले दीर्घ अक्षरही गुरूच. हे सारे अर्थ मला आजही झोपेत विचारले तरी सांगता येतील. परंतु काशीत वाढलेल्या माणसाला दुसराही एक कोश असतो. तो कोणी लिहिलेला नाही. ब्रह्माघाटापासून दूधविनायकापर्यंतच्या गल्ल्यांत, पानाच्या टपऱ्यांपुढे, होड्यांच्या काठांवर तो उघडाच पडलेला असतो. सकाळी शिवाला पाणी घालून येणारा म्हणतो, “का गुरू!” तेव्हा त्याचा अर्थ ‘तुम्ही आहात, मीही आहे, बरे चालले आहे’ एवढाच. तोच शब्द दुपारी एखाद्या लबाडाबद्दल मान डोलावून उच्चारला जातो, “बड़ा गुरू हउवन.” त्यात निंदा असते आणि निंदेपेक्षा किंचित अधिक कौतुक असते. वाट अडवून बसलेल्या वळूला हात जोडून म्हणतात, “हटा गुरू, रस्ता दा.” पौषातल्या धुक्यात मातीच्या कुल्हडातून मलइयो या दुधाच्या मिठाईचा पहिला फेस जिभेवर विरतो आणि तोंडातून निघते ते फक्त “गुरू…”, आणि हात दुसऱ्या कुल्हडाकडे जातो. पतंग कापला गेला की गच्चीवरून तोच शब्द लांब ओढून येतो. आणि कोणी गेल्याची वार्ता टपरीवर पोहोचली की पानवाला काताचा हात थांबवून हळूच म्हणतो, “गुरू…”, आणि काही वेळ कोणी पान मागत नाही.

हा दुसरा कोश मी ऐकून ऐकून जाणतो. मला त्यातले काहीही कधी कोणी म्हटले नाही.

गजाननाला मात्र सारी गल्ली गुरूच म्हणे. तो माझा सहाध्यायी, दूधविनायकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरचा मुलगा. साताऱ्याहून, वऱ्हाडातून येणारे यजमान त्यांच्या घरी उतरत, आणि त्यांची तीर्थकर्मे त्याचे वडील करीत. आम्ही दोघे दुर्गाघाटावरच्या पाठशाळेत अण्णागुरुजींजवळ ऋग्वेद शिकलो. वयाने तो माझ्याहून थोडा लहान होता, आणि पाठात पुष्कळच मागे. म्हणून गुरुजींनी मला आज्ञा केली होती की सकाळची संथा संध्याकाळी मी त्याच्याकडून म्हणवून घ्यावी.

संथेची रीत साधी असते. देणाऱ्याने एकदा म्हणावे, घेणाऱ्याने दोनदा म्हणावे. अण्णागुरुजी शिकवताना आमच्या डोक्यावर तळहात ठेवीत. अनुदात्ताला ते डोके खाली दाबीत, स्वरिताला वर उचलीत. त्या तळहाताला चंदनाचा आणि तपकिरीचा वास येई. स्वर आमच्या कानांच्या आधी मानेला पाठ झाले. संध्याकाळी गजाननाच्या घरापुढच्या दगडी ओट्यावर मी तसाच त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसत असे. समोरच्या कढईतले दूध आटत असे, त्याचा करपट-गोड वास गल्लीभर पसरे, वरून आरतीची घंटा ऐकू येई, आणि गजाननाची मान माझ्या तळव्याखाली राही. डोळे मात्र नदीकडे जाणाऱ्या उतारावर असत.

“आता तरी नीट म्हण,” मी म्हणे.

“म्हणतो ना रे. तू हात काढ, मान दुखते.”

अनध्यायाच्या तिथींना, म्हणजे प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या दिवशी, वेदपाठ वर्ज्य असतो. त्या दिवशी मी ओट्यावरून गेलो की गजानन एक तळहात छातीवर ठेवी, ओठ घट्ट मिटी, आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहात उभा राही. आज तोंड उघडायचे नाही, असा त्याचा थाट. मी पुढे गेलो की तो उतारावरून धूम ठोकी. मल्लाहांच्या नावेत बसून पलीकडच्या वाळूत जाणे, तिथे बाटी भाजणे, काकडीच्या वेलांमधून हिंडणे आणि सूर्य कलल्यावर पोहत परत येणे, याला काशीत ‘बहरी अलंग’ म्हणतात. गजाननाचा प्रत्येक अनध्याय बहरी अलंगला गेला. माझे अनध्याय व्याकरणात गेले. वेद वर्ज्य असला तरी सूत्रे वर्ज्य नव्हती. खिडकीत बसून ती घोकताना दूर वाळूवर धुराची एक रेघ उठलेली दिसे. ती रेघ पाहून मला कधी भूक लागली नाही, पण घोकलेले सूत्र मध्येच तुटे. त्याचे कारण असूया, हे मला पुढे कळले.

आणि मग ती कार्तिकातली सकाळ. आकाशदीपांच्या वेळूच्या करंड्या रात्रभर तेवून काळ्या पडल्या होत्या. पाण्यावरून वाफ उठत होती. अण्णागुरुजी स्नान करून पायऱ्या चढत होते. ओले पंचे आणि तांब्या घेऊन मी त्यांच्या मागे होतो. एवढ्यात मढीच्या, म्हणजे घाटावरच्या दगडी बुरुजाच्या, कठड्यावरून एक देह नदीत पडला आणि उडालेले पाणी थेट गुरुजींच्या नेसलेल्या धाबळीवर आले. सोवळे मोडले. पाण्यातून गजाननाचे डोके वर आले.

गुरुजी थांबले. खाली पाहिले. आणि ज्या मुखातून मी केवळ वेद, शास्त्र आणि आज्ञा ऐकली होती, त्या मुखातून अस्सल बनारसी निघाली.

“का गुरू! पानी ठंडा हौ?”

“एकदम बरफ, गुरुजी! आवा, एक गोता अउर!”

अण्णागुरुजी हसले. नुसते ओठांनी नव्हे; खांदे हलले, जानवे हलले, डोळ्यांत पाणी आले. ते हसतात हे मला त्या दिवशी कळले. मग ते खरोखरच पुन्हा पायऱ्या उतरले, दुसऱ्यांदा बुडी मारली, आणि येताना माझ्या हातून पंचा घेत गंभीरपणे म्हणाले, “चला, पूजेला उशीर झाला.”

मला त्यांनी पुढे सर्व काही दिले. संहिता दिली, पद, क्रम, जटा आणि घन हे सारे पाठ दिले. वसंतपूजेच्या वेदसभेत आपल्या शेजारचे आसन दिले. देह ठेवण्यापूर्वी आपली पाठशाळा दिली. त्यांच्या चरणांविषयीच्या माझ्या भक्तीत आजही तीळभर उणे नाही. परंतु ज्या शब्दाने मी त्यांना नित्य वंदन करीत होतो, तोच शब्द त्यांनी हसत, दोन्ही हातांनी उधळावा तसा, पाठ न करणाऱ्या गजाननावर उधळला होता. आणि मी ओले पंचे धरून मागे उभा होतो. घनपाठाच्या सभेत महावस्त्र खांद्यावर पडले तेव्हाही माझ्या मनात एक क्षण तीच पायरी आली.

गजानन लवकरच पाठशाळेतून गेला आणि वडिलांचे काम पाहू लागला. त्याचा ओटा गल्लीची बैठक झाला. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून येणाऱ्याचा खांदा लागल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. दूधवाला कॅन खांद्यावर घेऊन आला की गजाननाला मुद्दाम धक्का देई, “का गुरू, आँख नाहीं हौ?” आणि गजानन त्याच्या कॅनवर थाप मारी, “दूध में पानी कम कर गुरू, आँख अपने आप खुल जाई.” हशा होई. मग मी येताना दिसे. बैठक उठून उभी राही. दूधवाला कॅन दुसऱ्या खांद्यावर घेई आणि भिंतीला पाठ लावी. “प्रणाम शास्त्रीजी.” सारी गल्ली मला वाट करून देई. मी आशीर्वाद देत त्या मोकळ्या वाटेने जाई. आणि मी वळणापलीकडे गेलो की मागे हशा पुन्हा सुरू झालेला ऐकू येई. तो माझ्याविषयी नसे. तो माझ्याविषयी असता तरी चालले असते.

गेल्या माघात गजाननाला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. वाचेतला एकच शब्द जिभेवर राहिला. कोणता, हे सांगायला नको.

मी समाचाराला गेलो तेव्हा ओट्याला लागून असलेल्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीपाशी, त्याची खाट घातलेली होती. त्याची सून माधवी त्याला पेज भरवीत होती.

“गुरू,” तो म्हणाला.

“मीठ कमी आहे का बाबा? आणते,” माधवी उठली. माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, बसा ना. आता सगळं ह्या एकाच शब्दात चालतं बघा. पाणी पण गुरू, पंखा पण गुरू. पहिले दोन-चार दिवस आम्ही एकदम परेशान झालो. आता समजतं.”

“कसे समजते?”

“आवाजावरून. अजून कसं?”

खिडकीतून पानवाल्याने हाक दिली, “का गुरू, आज कइसन?” गजाननाने उत्तर दिले, “गुरू!” आणि पानवाला खळखळून हसला, जणू मोठा विनोद झाला होता. खाटेखालून एक करडे मांजर निघून त्याच्या पायांवर चढले. त्यालाही त्याने मऊ, दुधाळ आवाजात तोच शब्द दिला. जन्मभर मी उदात्त, अनुदात्त, स्वरित शिकवीत आलो. परंतु एका शब्दावर इतके स्वर मी ऐकले नव्हते. मी वाट पाहात बसलो.

मग त्याची दृष्टी माझ्यावर आली. त्याने डावा तळहात छातीवर ठेवला, ओठ मिटून घेतले, आणि तो माझ्याकडे पाहात राहिला. एक अक्षरही बोलला नाही.

पाठशाळेत अध्यापन नसे त्या तिथींनाच मला मोकळीक मिळे, म्हणून मी प्रतिपदेला गेलो, अष्टमीला गेलो, चतुर्दशीला गेलो. उन्हाळा आला, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्याचा वास त्या खोलीत भरला, चौकातून खरबुजे आली. प्रत्येक वेळी तेच. माधवीला शब्द, पानवाल्याला शब्द, कावळ्याला शब्द, मांजराला शब्द. मला छातीवरचा हात आणि मिटलेले ओठ.

“तुम्हाला खूप मानतात बाबा,” माधवी म्हणे. “बघा ना, कसे हात जोडल्यासारखे करतात.”

मानतात. मला त्या शब्दाचा वीट आला होता. खाटेवर लोळणाऱ्या त्या करड्या मांजराकडे मी कोणत्या दृष्टीने पाहिले, ते या वयात लिहावे असे नाही. मनुष्याजवळ एकच शब्द उरावा, तो त्याने जगाला वाटावा, आणि माझ्यापुढे मात्र मूठ मिटावी, याचे शल्य घेऊन मी घरी येई आणि संध्येला बसे. अर्घ्याच्या पाण्यात माझे मुख स्थिर दिसत नसे.

भाद्रपदात गंगा चढली. आमच्या घाटाच्या पायऱ्या गेल्या, मढ्या गेल्या, आणि एका सकाळी पाठशाळेच्या खालच्या खोलीत पाणी आले. ग्रंथ वर नेले, विद्यार्थ्यांना आपापल्या ठिकाणी पाठवले, आणि दुपारी माझे हात रिकामे झाले. पाय दूधविनायकाकडे वळले.

गजाननाने मला दारात पाहिले आणि हात छातीकडे नेता नेता मध्येच थांबवला. माधवीकडे पाहून, शेवट वर उचलून विचारले, “गुरू?”

माधवीने भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले. “आज दशमी आहे बाबा.” मला म्हणाली, “रोज सकाळी तिथी विचारतात. सांगितल्याशिवाय चहा नाही घेत.”

दशमी. अध्ययनाची तिथी. गजाननाने डाव्या हाताने आपला मेलेला उजवा पाय उचलला, ओढला आणि मांडीत घातला. पाठ ताठ केली. मान खाली घातली, वर केली, आणि वाट पाहू लागला.

माझ्या डोळ्यांपुढून इतके दिवस सरकत असलेली ती मुद्रा तेव्हा मला ओळखता आली. तो आदर नव्हता. छातीवरचा तळहात, मिटलेले ओठ, मोठे केलेले डोळे: ओट्यावरचा तोच मुलगा. मी न चुकता अनध्यायालाच येत होतो, आणि तो न चुकता मला सांगत होता की आज सुट्टी आहे, आज तोंड उघडायचे नाही. जन्मभर तिथी पाळणाऱ्या मला ते दिसले नव्हते.

मी खाटेच्या कडेला बसलो. प्रत्येक विद्यार्थ्याची पहिली संथा एकच असते, ऋग्वेदाची पहिली ऋचा; तिचा पहिला पाद मी एकदा म्हटला.

गजाननाने तो दोनदा म्हटला. अक्षरे सारी एकाच शब्दाची होती, परंतु स्वर मंत्राचे होते. जिथे उतरायचे तिथे ‘गु’ उतरला, जिथे चढायचे तिथे ‘रू’ चढला. पुढे तिसऱ्या पादात एका ठिकाणी तो घसरला, पूर्वी घसरत असे त्याच ठिकाणी. माझा हात आपोआप उठला आणि त्याच्या विरळ केसांवर गेला. मी डोके खाली दाबले. मान दुखते म्हणून तो कुरकुरला; कोणत्या शब्दात, ते सांगायला नको. मग हसू लागला. अर्धे तोंड हसत होते, अर्धे स्वस्थ होते, खांदे हलत होते. माधवी दारात भांडे घेऊन उभी होती.

“काका, बाबा काय म्हणतात?”

“संथा म्हणतात,” मी म्हणालो.

पाठ संपल्यावर मांजर गजाननाच्या मांडीवर आले आणि त्याने मांजराला तो मऊ शब्द दिला. मी उठलो. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला हाक म्हणून तो शब्द त्या दिवशीही मिळाला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो, आणि मांजराविषयीचे माझे मत काही बदलले नाही. परंतु वाटेत मला कार्तिकातली ती सकाळ पुन्हा दिसली, आणि पाठशाळेचे त्या सकाळी बंद असलेले दार आठवले. त्या दिवशी पौर्णिमा होती. अनध्याय होता. त्या एका दिवसापुरते अण्णागुरुजी कोणाचे गुरुजी नव्हते. पाण्यातल्या मुलाला हे ठाऊक होते. पंचे धरून उभा असलेला मी तेव्हाही शिष्यच होतो. मला कोण कशी थट्टेची हाक मारणार?

या विचारात मी वळणावर आलो. खालच्या घरांत पाणी शिरल्याने गल्लीत माणसांची आणि सामानाची दाटी होती. गाद्या, देव्हारे, शिलाईचे यंत्र, सारे डोक्यावरून वर चालले होते. समोरून येणाऱ्यांना मला वाट करून देण्याइतकी जागा नव्हती, आणि मीही कोणी वाट करून देईल म्हणून थांबलो नाही. कोणाचा तरी खांदा माझ्या खांद्यावर जोरात आदळला, थंड काहीतरी माझ्या उपरण्यावर सांडले.

“अरे गुरू! आँख नाहीं हौ?”

दूधवाला होता. कॅन सावरीत त्याने मान वळवली, मला पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. “अरे राम! शास्त्रीजी… गलती हो गयल, महाराज. हम देखली नाहीं.” त्या दाटीतही तो भिंतीला पाठ लावू पाहात होता. दिलेला शब्द तो परत घेत होता.

“रहे दा गुरू,” मी म्हणालो.

माझ्या मुखातून तो शब्द त्या अर्थाने प्रथमच निघाला. उच्चार जरा जडच झाला असावा. दूधवाल्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग त्याचे दात दिसले. तो भिंतीपासून सुटला आणि जाताना त्याचा ओला खांदा पुन्हा एकदा माझ्या खांद्याला घासून गेला.

पाणी आता ओसरले आहे. पाठशाळेच्या भिंतीवर गाळाची रेघ राहिली आहे, तिला शेवाळाचा वास येतो. दशमीला, एकादशीला, जमेल त्या अध्ययनाच्या तिथीला पाठ आटोपून मी दूधविनायकला जातो. उद्या अष्टमी आहे. उद्याही जाणार आहे. दारात उभा राहून छातीवर हात ठेवीन, ओठ मिटून घेईन, आणि कोण आधी हसतो ते पाहीन.

उपरणे खुंटीवर आहे. ते धुवायचे आहे, हे मला ठाऊक आहे.